‘पॉलिसीत काही सुधारणा’ असा मेल आला की

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला येणारा एचआरचा मेल सहसा चांगला नसतो. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण असे मेल मी स्वतः लिहिलेत. पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या एचआरमध्ये मी अकरा वर्षं काढली. दर मार्चअखेरीला ‘आपल्या आरोग्य विमा योजनेत काही सुधारणा’ या विषयाचा मेल माझ्याच टेबलावरून जायचा. ‘सुधारणा’ हा शब्द ठरलेला. आईवडिलांचं कव्हर काढून टाकलं तरी सुधारणाच.

एका वर्षी असा मेल गेला आणि पुढच्या पंधरवड्यात शॉप फ्लोअरवरचा एक ऑपरेटर मध्यरात्री वडिलांना घेऊन हॉस्पिटलात पोचला. टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, डेस्कवर त्यानं कार्ड दिलं. डेस्कवरच्या मुलीनं नंबर टाकला, स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि म्हणाली, “दादा, यांचं नाव दिसत नाहीये.” त्यानं मला फोन केला. मेल त्यानं उघडलाच नव्हता. मशीनवर उभा राहणारा माणूस कंपनीचा मेल उघडतो कधी? मला काय बोलावं ते सुचेना. या माणसाकडे मी पुढे परत येणार आहे.

नोकरीला नुकतेच लागलेल्यांसाठी हे लिहितोय. असा मेल आला तर कुठल्या क्रमानं काय करायचं, ते.

आधी हे समजून घ्या: पॉलिसी तुमची नाही

तुमच्या पाकिटातल्या कार्डावर तुमचं नाव असलं तरी करार विमा कंपनी आणि तुमची कंपनी यांच्यातला असतो. पॉलिसीधारक कंपनी, तुम्ही फक्त सभासद. हा करार एका वर्षाचा असतो. दरवर्षी तो संपतो आणि पुन्हा घासाघीस होते.

ती घासाघीस अशी चालते. ब्रोकर एक एक्सेल शीट आणतो. त्यात गेल्या वर्षी हप्ता किती भरला आणि क्लेम किती गेले याचं गुणोत्तर असतं. शंभर रुपये हप्त्यावर सव्वाशेचे क्लेम गेले असतील, तर विमा कंपनी पुढच्या वर्षी हप्ता वाढवून मागणार. मग ब्रोकर पर्याय मांडतो: आईवडील काढले तर इतके वाचतील, दहा टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला कर्मचाऱ्यानं भरायचा वाटा, लावला तर इतके, खोलीभाड्याला मर्यादा घातली तर इतके. अर्थ विभागाचा माणूस शेवटचा आकडा बघतो आणि बोट ठेवतो. आमच्याकडे या बैठकीला साधारण चाळीस मिनिटं लागायची.

ईएसआय, म्हणजे कमी पगाराच्या कर्मचाऱ्यांची सरकारी विमा योजना, तिच्या बाहेरच्या कर्मचाऱ्याला गट आरोग्य विमा दिलाच पाहिजे, असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. लॉकडाऊनमध्ये १५ एप्रिल २०२० च्या केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशात कामगारांचा वैद्यकीय विमा सक्तीचा केला होता, पण ती त्या काळापुरती अट होती. म्हणून ‘कंपनी असं करूच शकत नाही’ असं म्हणत भांडायला जाऊ नका. ती कुठल्या रीतीनं करते, आधी कळवते का, आणि तुम्हाला लेखी दिलेला शब्द मोडते का, भांडण या प्रश्नांवर उभं राहतं.

मेलमधला तक्ता वाचा, मजकूर नको

मजकुरात ‘आपलं आरोग्य आमच्यासाठी महत्त्वाचं’ वगैरे असतं. ते मीच लिहायचो, सोडून द्या. खाली किंवा जोडपत्रात जुनं आणि नवं असा तक्ता असतो. नसेल तर मागा. विम्याची रक्कम सगळे बघतात, आणि ती बहुतेक वेळा तशीच ठेवलेली असते. कात्री इतर ओळींत चालते.

सगळ्यात फसवी ओळ खोलीभाड्याची. समजा विमा ५ लाखांचा आणि नवी मर्यादा दिवसाला ५,००० रुपये. तुम्ही ८,००० ची खोली घेतली. बहुतेकांना वाटतं, वरचे तीन हजार आपण भरू. तसं नसतं, बाकीच्या बिलाचा काही भागही त्याच प्रमाणात कापला जातो. चार दिवसांचं बिल २,४०,००० झालं असं धरा: खोली ३२,०००, औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या ८८,०००, सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून १,२०,०००. खोलीचे मिळणार २०,०००. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना प्रमाणशीर कपात लावता येत नाही, तो विमा नियामकाचाच नियम आहे, त्यामुळे ते ८८,००० पूर्ण. पण सर्जन-थिएटरच्या रकमेला पाच अष्टमांश (५,००० भागिले ८,०००) लागणार, म्हणजे १,२०,००० चे ७५,०००. एकूण १,८३,०००. खिशातून ५७,०००. त्यावर दहा टक्के को-पे असेल तर आणखी १८,३००. विमा पाच लाखांचा, बिल अडीच लाखांच्या आत, आणि तरी तुम्ही पंचाहत्तर हजार भरताय.

आयसीयूच्या खर्चाला ही प्रमाणशीर कपात लागत नाही. ज्या हॉस्पिटलात खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत, तिथेही लागत नाही. बिलिंग काउंटरवर हे दोन मुद्दे बोलून दाखवायला कचरू नका. डेस्कवरच्यांना ते ठाऊक असतात, आपण विचारायची खोटी.

दुसरी ओळ आधीच्या आजारांची. गट पॉलिसीची खरी श्रीमंती इथे असते: मधुमेह असो वा रक्तदाब, पहिल्या दिवसापासून कव्हर. नव्या तक्त्यात इथे प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजाराचा क्लेम चालत नाही असा सुरुवातीचा काळ, घुसवला असेल, तर विम्याची रक्कम वाढवली असली तरी बदल तोट्याचाच समजा. तिसरी ओळ आईवडिलांची: काढलेत, की ‘ऐच्छिक’ करून हप्ता तुमच्या पगारातून? मोतीबिंदू, गुडघा, प्रसूती यांच्या उपमर्यादाही पाहून घ्या. आणि मानसिक आजार वगळलेले दिसले तर ते खपवून घेऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार शारीरिक आजारांच्या बरोबरीनंच त्यांना विमा द्यावा लागतो.

मग बघा, तुम्ही कुठल्या रांगेत उभे आहात

कायदा सगळ्यांना सारखा हात देत नाही. तीन रांगा आहेत.

पहिली ईएसआयची. १० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले या रांगेत येतात. दिव्यांगांसाठी ही मर्यादा २५,०००. मालक ३.२५ टक्के भरतो, तुमच्या पगारातून ०.७५ टक्के जातात. इथे मालकाच्या मर्जीला जागाच नाही. ‘ईएसआय सोडा, आम्ही चांगला मेडिक्लेम देतो’ असं म्हणणं त्याच्या हातात नाही आणि ते मान्य करणं तुमच्याही हातात नाही. त्याचा ३.२५ टक्क्यांचा वाटा तुमच्या पगारातून कापणं तर सरळ बेकायदा.

ईएसआयला नावं ठेवायची आपल्याकडे फॅशन आहे. औषधांच्या खिडकीपुढची रांग मीही पाहिलीय. पण आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रोख कुठलाही कंपनी मेडिक्लेम देत नाही, आणि आईवडील अवलंबून असतील तर त्यांच्या उपचारांवर वयाची अट नाही. चिंचवडच्या मोहननगरच्या किंवा बिबवेवाडीच्या हॉस्पिटलात एकदा जाऊन आपला दहा आकडी विमा क्रमांक चालतो का ते पाहून ठेवा. आजारी पडायच्या आधी.

इथली नेहमीची खेळी म्हणजे पगार २१,००० च्या जरा वर नेणं, म्हणजे माणूस ईएसआयमधून बाहेर. त्यालाही वेसण आहे. योगदानाचे कालखंड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. मध्येच पगार वाढला तरी तो कालखंड संपेपर्यंत वर्गणी आणि कव्हर दोन्ही चालू राहतात. जूनमध्ये वाढ देऊन जुलैत ‘तुमचं ईएसआय बंद’ म्हणाले, तर ते चूक आहे. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या आणि वेतनाची व्याख्याच बदलली: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा. पगारपत्रकं नव्यानं मांडली जातायत ती त्यामुळे. मर्यादेत कोण आत, कोण बाहेर, हे नव्या पत्रकावरून पुन्हा तपासा.

दुसरी रांग ‘कामगार’ या कायदेशीर शब्दाची. ऑपरेटर, तंत्रज्ञ, कारकून, औषध कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी, श्रमिक पत्रकार यात येतात. व्यवस्थापकीय काम करणारे येत नाहीत. देखरेखीचं काम करणारे १८,००० च्या वर असतील तर येत नाहीत. मात्र ही पगाराची अट फक्त देखरेख करणाऱ्यांना आहे. आणि कार्डावर ‘मॅनेजर’ किंवा ‘एक्झिक्युटिव्ह’ छापलंय म्हणून तुम्ही आपोआप बाहेर जात नाही. न्यायालय पद बघत नाही, दिवसभर तुम्ही हातानं काय करता ते बघतं. हाताखाली एकही माणूस नसलेले ‘असिस्टंट मॅनेजर’ मी डझनानं पाहिलेत.

या रांगेतल्यांसाठी २१ दिवसांची नोटीस आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ती कलम ९अ मध्ये होती, आता औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४० मध्ये आहे. ठरावीक सेवाशर्ती बदलायच्या तर मालकानं आधी लेखी कळवायचं आणि २१ दिवस थांबायचं. त्या यादीत एक ओळ आहे: रूढ झालेली सवलत किंवा सोय काढून घेणं. वर्षानुवर्षं सलग दिलेला मेडिक्लेम या ओळीत बसतो असं मांडता येतं. पॉलिसी दर वर्षी वेगळी असते, असं मालक म्हणेल. म्हणून किती वर्षं सलग मिळतोय याचा कागद महत्त्वाचा. जुनी कार्डं फेकू नका.

युनियनच्या वेतन करारात वैद्यकीय सुविधा लिहिलेली असेल तर जागा आणखी भक्कम. कराराची मुदत संपली म्हणून तो आपोआप मरत नाही. रीतसर ६० दिवसांची नोटीस देऊन तो संपवेपर्यंत बांधतो.

आता त्या ऑपरेटरकडे येतो. त्याला २१ दिवसांची नोटीस मिळायला हवी होती. आम्ही शुक्रवारी मेल टाकला आणि पुढच्या आठवड्यात नवी पॉलिसी सुरू. नियम मला तेव्हाही माहीत होता. कुणी विचारलं नाही, म्हणून आम्ही सांगितलं नाही. पुढे युनियनच्या दोघांनी येऊन कलमाचा नंबर सांगितला, तेव्हा दोन दिवसांत त्या वर्षापुरतं आईवडिलांचं कव्हर परत आलं. त्याचे हॉस्पिटलचे पैसे कंपनीनं ‘सद्भावनेनं’ दिले. तो शब्दही मीच सुचवला होता.

तिसरी रांग उरलेल्यांची: व्यवस्थापक, वरचे अधिकारी. यांना २१ दिवसांचं संरक्षण नाही. त्यांचा आधार म्हणजे नेमणूक पत्र. त्यात ‘कंपनीच्या धोरणानुसार, वेळोवेळी बदलणारे लाभ’ असं असेल तर हात बांधलेले. पण ‘५ लाखांचा कुटुंब विमा’ असं आकड्यासकट लिहिलं असेल, तर तो करारातला शब्द आहे. सीटीसीच्या, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाच्या, तक्त्यात विम्याच्या हप्त्यापोटी वर्षाला अमुक हजार धरलेत का तेही बघा. कव्हर कापलं, तर ते वाचलेले पैसे माझ्या पगारात का नाहीत, हा प्रश्न अगदी सभ्यपणे विचारता येतो, आणि त्याला उत्तर देताना एचआरला घाम फुटतो.

कुठल्याही रांगेतल्या बाईला लागू असलेली एक गोष्ट. प्रसूती रजेवर असताना तिच्या तोट्याचा सेवाशर्तींतला बदल कायद्याला मान्य नाही. आणि ती ईएसआयमध्ये नसेल व कंपनी प्रसूतीआधीची व नंतरची देखभाल मोफत पुरवत नसेल, तर ३,५०० रुपयांचा वैद्यकीय बोनस द्यावा लागतो. रक्कम किरकोळ आहे, पण मागणारी बाई मी अकरा वर्षांत एकच पाहिली.

विचारायचं ते लेखी विचारा

चहाच्या मशीनपाशी मिळालेलं आश्वासन हवेत जातं. मेल करा, छोटा आणि थंड डोक्यानं. साधारण असा:

‘दि. … च्या मेलनुसार आरोग्य विम्यात बदल होत असल्याचं समजलं. कृपया जुन्या व नव्या पॉलिसीच्या अटींची प्रत, बदल लागू होण्याची तारीख, आणि हा बदल कुठल्या तरतुदीखाली व किती दिवसांच्या नोटिशीनं केला आहे ते कळवावं. माझ्या वडिलांवर उपचार सुरू असून … तारखेला शस्त्रक्रिया ठरली आहे. त्याबाबत काय व्यवस्था आहे?’

शेवटचं वाक्य खरं असेल तरच टाका, पण असेल तर नक्की टाका. चालू उपचार असलेल्यांची यादी ब्रोकर विमा कंपनीपुढे ठेवू शकतो, आणि अपवाद मिळतात. मी मिळवून दिलेत. साधारणपणे भरती होण्याच्या दिवशी जी पॉलिसी चालू असते तिच्यावर क्लेम जातो. डॉक्टरांना चालत असेल तर ठरलेली शस्त्रक्रिया बदलाच्या तारखेआधी घ्या.

‘मला मान्य आहे’ असं बटण दाबायला सांगितलं तर आधी वाचा. आईवडिलांचा हप्ता पगारातून कापायचा असेल तर रक्कम, हप्ते आणि नोकरी सोडल्यावर उरलेल्याचं काय, हे लेखी घ्या. कायद्यानं परवानगी दिलेल्याच कपाती पगारातून होऊ शकतात आणि सगळ्या मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांपुढे जाऊ शकत नाहीत. असा हप्ता तुम्ही स्वतः भरला तर जुन्या करप्रणालीत त्याची वजावट मिळते. पावती मागून ठेवा.

तारखेच्या आत स्वतःची सोय

हक्काचं भांडण चालू राहील, पण आईचा रक्तदाब त्यासाठी थांबणार नाही. गट पॉलिसी सोडताना, ती बंद होताना किंवा तिच्या अटी बदलताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा पर्याय सभासदाला असतो. त्याला मायग्रेशन म्हणतात. एचआरला बहुधा हा शब्द माहीत नसतो, किंवा माहीत असून आठवत नाही. त्याचा फायदा असा की गट पॉलिसीत सलग काढलेली वर्षं प्रतीक्षाकाळातून वजा होतात. आधीच्या आजारांसाठी हा काळ आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. आई चार वर्षं गट पॉलिसीत असेल, तर निदान जुन्या विमा रकमेपुरता तो भरून निघालेला असतो. विमा कंपनी वैद्यकीय तपासणी मागू शकते आणि हप्ता तुमच्या आईच्या वयाचा लागतो, म्हणजे जड. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य झालाय, गट पॉलिसीवर तो १८ टक्के अजून आहे. तेवढं जुनं गणित बदललं.

अर्ज शक्यतो दीड महिना आधी. मेलच उशिरा आला असेल तर त्याच दिवशी, आणि मेल कधी आला त्याचा पुरावा जोडून. मध्ये एक दिवसाचीही फट पडू देऊ नका. आजार लपवू नका, क्लेमच्या वेळी तोच गळ्याशी येतो.

दार कुठलं ठोठवायचं

लोक चुकीच्या दारात उभे राहून महिने घालवतात. क्लेम नाकारला, कमी दिला, कॅशलेसला अडवलं, तर भांडण विमा कंपनीशी. कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा, असा २०२४ पासून नियम आहे. आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे किंवा विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवर. महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, गट पॉलिसीचेही. विमा कंपनीनं नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जा. पण तुमच्या मालक कंपनीनं आईवडिलांना का काढलं, हे लोकपाल ऐकणार नाहीत.

ते भांडण कामगार आयुक्त कार्यालयाचं. खाजगी कारखाना, आयटी, दुकान असेल तर राज्याचं. बँक, विमा, रेल्वे, बंदर असेल तर केंद्राचं. तिथला समेट अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतो. इथे एकटा माणूस गेला तर त्याचं ऐकून घेतात, चहाही देतात, पण सेवाशर्तींचा वाद हा सहसा युनियननं किंवा बऱ्याच कामगारांनी मिळून मांडायचा असतो. म्हणून आधी सह्या. कामाच्या वेळेत नको, जेवणाच्या सुट्टीत. ईएसआयची वर्गणी कापून भरलेली नसेल तर थेट ईएसआयच्या कार्यालयात, पगारपत्रक घेऊन.

नोकरी सोडताना एक लक्षात असू द्या. गट पॉलिसी बहुतेक ठिकाणी शेवटच्या कामाच्या दिवशी मध्यरात्री संपते, आणि नवी कंपनी रुजू झाल्यावर नाव चढवायला पंधरा दिवसही घेते. मधल्या काळात मायग्रेशनचा अर्ज हातात असावा. मी स्वतः ती नोकरी सोडली तेव्हा भरायचं विसरलो होतो, आणि नवव्या दिवशी मुलीला डेंग्यू झाला.